सोळा हजार वर्षं आणि वीस सेकंद

प्रकाश निघण्याआधी

तुम्ही रत्नागिरीच्या सड्यावर उभे आहात, पण रत्नागिरी अजून वसायची आहे. पायाखालचा जांभा तेवढा ओळखीचा: काळपट, भोकाभोकांचा, दिवसाची ऊब रात्री उशिरापर्यंत धरून ठेवणारा. बाकी सगळं परकं. पश्चिमेकडे कान लावलात तरी गाज ऐकू येत नाही, कारण समुद्र तिथे नाहीच. पृथ्वीवरच्या पाण्याचा मोठा वाटा उत्तरेकडच्या हिमथरांत अडकून पडलाय. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभरेक मीटर खाली आहे आणि किनारा कित्येक कोस पलीकडे सरकलाय. काजळी नदी भाट्याला थांबत नाही. आज जिथे ट्रॉलर जाळी टाकतात, त्या जमिनीवरून ती पुढे चालत राहते. काजू नाही, हापूसची कलमं नाहीत. नैर्ऋत्येचा पाऊसही या काळात आजच्यापेक्षा दुबळा आहे.

साल विचारू नका. साधारण सोळा हजार वर्षांपूर्वीची ही रात्र, हजारएक वर्षं इकडे किंवा तिकडे. एवढी ढिलाई का, ते प्रवासाच्या शेवटी कळेल.

वर बघा. डोक्यावरून किंचित दक्षिणेला कललेला विंचू दिसतो. आजच्या कोकणात वृश्चिक रास संध्याकाळी चांगली वर येते ती ऐन पावसाळ्यात, म्हणजे ढगांच्या पाठीमागे. या रात्री मात्र ती हिवाळ्याच्या तोंडावर, मध्यरात्री, जवळजवळ माथ्यावर आहे. पृथ्वीचा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी घेत डुलतो, त्यामुळे ऋतू आणि नक्षत्रं यांचं लग्न कायमचं टिकत नाही. १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये याच डुलण्याचा आधार घेऊन वेदांचा काळ मृग नक्षत्रातल्या संपातापर्यंत मागे नेला. तुम्ही त्याच गणिताने आणखी कितीतरी मागे आला आहात.

विंचवाच्या नांगीशी मूळ नक्षत्राचा ठळक तारा आहे. हात लांब करून दोन बोटं धरा आणि तेवढंच अंतर त्याच्या उत्तरेला सरका. तिथे डोळ्यांना काही दिसत नाही. नेमक्या त्याच जागी, या क्षणी, एक स्फोट होतोय. त्याचा प्रकाश इथे पोहोचायला सोळा हजार वर्षं लागतील, आणि पोहोचला तरी डोळ्यांना दिसणार नाही. तेव्हा तिथेच जाऊन बघू.

जोडताऱ्यापाशी

समोर दोन तारे एकमेकांभोवती फिरतायत. जोडी अगदी विजोड आहे. एक हलका, हळूहळू झिजत चाललेला सोबती. दुसरा एका मोठ्या ताऱ्याच्या मरणातून उरलेला न्यूट्रॉन तारा. याचं वस्तुमान सूर्यापेक्षा जास्त आणि रुंदी पंचवीस किलोमीटरच्या आत. पावस ते गणपतीपुळे एवढ्या पट्ट्यात तो ठेवला, तर दोन्ही टोकांना थोडी जागा उरेल. अशा ताऱ्याच्या पृष्ठावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या शंभर अब्ज पटींहून अधिक असतं.

सोबत्याचा वायू त्याच्याकडे ओढला जातोय. तो सरळ येऊन पडत नाही. दोन्ही तारे फिरते असल्यामुळे वायूलाही फेरी मिळालेली असते, म्हणून तो तबकडी करून घिरट्या घालत आत सरकतो. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा वेगाने फिरते, थराला थर घासतो, वायू तापत जातो. ताऱ्याजवळ पोहोचेपर्यंत त्याचा वेग प्रकाशाच्या जवळपास निम्मा होतो. नुसत्या या पडण्यातून किती ऊर्जा सुटते याचा अंदाज घ्या: तेवढ्याच हायड्रोजनचं हेलियम करून सूर्य जी ऊर्जा मिळवतो, तिच्या वीसपटींहून जास्त. कोट्यवधी अंश तापलेला हा वायू डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडात फारसा चमकत नाही. त्याचा बहुतेक उजेड क्ष-किरणांत बाहेर पडतो.

क्ष-किरणांचं हे तेवणं रात्रंदिवस चालू असतं. तुम्ही मात्र आलात ते ताऱ्याच्या पृष्ठावर साचत चाललेल्या थरासाठी. काही मीटर जाडीचा थर, त्यात मुख्यतः हेलियम. वरून नवा वायू येतो, तळाचा दाब वाढतो. काही तास हे असंच चालतं. मग एका जागी तीन-तीन हेलियम केंद्रकं जुळून कार्बन होऊ लागतो. ही प्रक्रिया तापमानाच्या बाबतीत कमालीची हळवी आहे. जरा तापलं की जळण्याचा वेग अनेक पटींनी वाढतो, आणि वेग वाढला की आणखी तापतं. एका ठिकाणी धरलेली ज्योत सेकंदभरात ताऱ्यावर पसरू लागते. पृष्ठाचं तापमान दोन-तीन कोटी अंशांवर जातं. वीसेक सेकंदांत सगळं ओसरतं, आणि थर पुन्हा साचायला लागतो.

हे सगळं घडत असताना तारा स्वतःभोवती सेकंदाला सुमारे ३६३ वेळा फिरतोय. त्याच्या विषुववृत्तावर उभं राहता आलं असतं, तर तुम्ही सेकंदाला पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने गरगरला असता.

प्रकाश निघालाय. वीस सेकंदांचा उजेड म्हणजे साठ लाख किलोमीटर जाडीचं एक कवच, चहूबाजूंनी पसरत चाललेलं. त्याच्या पृथ्वीकडच्या भागाबरोबर परत फिरा. वाटेत हिमयुग ओसरेल, समुद्र वर चढून आजच्या जागी येईल, सड्यांवर माणसं जांभा खोदून चित्रं काढतील, किल्ले बांधले जातील. त्यातलं बरंच झाल्यावर उतरू.

१४८ प्रकाशवर्षं बाकी

१८ ऑगस्ट १८६८. खग्रास सूर्यग्रहणाची सावली अरबी समुद्रावरून येऊन कोकण ओलांडते आणि विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणच्या दिशेने निघून जाते. महिना ऑगस्ट, म्हणजे कोकणात आभाळ आपलं नसतं. गुंटूरला मात्र फ्रेंच खगोलवेत्ते प्येर जान्सेन वर्णपटदर्शक लावून तयार आहेत. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश लोलकातून विस्कटून बघण्याची ही पहिली मोठी संधी आहे. त्यांना ठळक रेषा दिसतात. त्या इतक्या ठळक असतात की दुसऱ्या दिवशी, ग्रहण संपल्यावरही, त्या बघता येतील हे त्यांच्या ध्यानात येतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकियर लंडनजवळून, ग्रहणाविना, हेच करून दाखवतात. पिवळ्या भागातली एक रेष सोडियमच्या जागेवर बसत नाही. ती पृथ्वीवर कधी न सापडलेल्या मूलद्रव्याची आहे असं लॉकियर ठरवतात. नाव पडतं हेलियम.

तुम्ही आत्ताच ज्याचा स्फोट बघून आलात, त्या द्रव्याची माणसाला झालेली ही पहिली ओळख. हेलियमच्या स्फोटाचा प्रकाश अजून वाटेत आहे आणि हेलियम हे नाव नुकतंच बाळसं धरतंय.

११८ प्रकाशवर्षं बाकी

२२ जानेवारी १८९८, विजयदुर्ग. किल्ला अजून रत्नागिरी जिल्ह्यातच आहे. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा व्हायला १९८१ उजाडेल. वाघोटण खाडीच्या तोंडाशी ‘मेल्पोमीनी’ ही ब्रिटिश युद्धनौका उभी आहे. तिचे खलाशी किल्ल्यात दुर्बिणी, लोलक लावलेले कॅमेरे आणि घड्याळं मांडून बसलेत. त्यांच्यामध्ये एकसष्ट वर्षांचे लॉकियर आहेत. या वेळी ते स्वतः आलेत. टिळक या दिवशी राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात आहेत, आणि ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत.

तटाखाली गावकऱ्यांची गर्दी जमलीय. उपास धरलेली एक म्हातारी नातवाचा हात घट्ट पकडून बजावते, ‘गिराण सुटाक अजून येळ हा. काय खाव नको हां.’ आज आभाळ स्वच्छ आहे. दुपारी अंधार पडतो, पाखरं गप्प होतात, आणि आज्ञेच्या ठेक्यावर खलाशी काचा बदलत जातात. खग्रास स्थिती दोनेक मिनिटांची. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातल्या तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगामवाला याच वेळी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आपली उपकरणं घेऊन बसलेत. सावली आधी कोकणावरून जाते, मग त्यांच्यावरून.

हेलियम विजयदुर्गावर सापडला असं पुढे लोक सांगतील, किल्ल्यातल्या चौथऱ्यांना साहेबाचे ओटे म्हणतील, आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस साजरा होऊ लागेल. तुम्ही दोन्ही दिवशी हजर होतात, म्हणून हा गुंता सोडवू शकता: १८६८ च्या ग्रहणात लॉकियर इंग्लंडमध्ये होते, विजयदुर्गावर ते आले तीस वर्षांनी. मधल्या काळात, १८९५ मध्ये, विल्यम रॅम्से यांनी युरेनियमच्या खनिजातून हेलियम पृथ्वीवरही शोधला होता. ओट्यांचं महत्त्व यामुळे उणावत नाही. दोन मिनिटांच्या घटनेसाठी महिनोन्‌महिने तयारी करायची, आणि ती मिनिटं काचेवर अशी नोंदायची की पुढची अनेक वर्षं वाचता येतील, ही रीत तुम्ही इथे बघितलीत. पुढच्या थांब्यांवर तीच दिसेल. फक्त मिनिटांचे सेकंद होतील.

५४ प्रकाशवर्षं बाकी

जून १९६२, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोचं वाळवंट. मध्यरात्रीच्या सुमाराला एक रॉकेट वर जातं. क्ष-किरणांना हवा अडवते. रुग्णालयात हाडांचे फोटो काढणारे किरण वातावरणाच्या वरच्या थरांतच संपतात, म्हणून त्यांना भेटायला हवेबाहेर जावं लागतं. रिकार्डो जियाकोनी आणि त्यांचे सहकारी चंद्रावरून येणारे क्ष-किरण शोधतायत. हवेच्या वर त्यांना सहा मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. चंद्राकडून काही हाती लागत नाही, पण वृश्चिकेच्या बाजूने मात्र जोरदार मारा येतो. आकाशातला हा पहिला परका क्ष-किरण स्रोत, स्कॉर्पियस एक्स-१, अनुराधेच्या वरच्या अंगाला. तोही न्यूट्रॉन ताऱ्याचा जोडतारा आहे, सुमारे नऊ हजार प्रकाशवर्षांवरचा. या वाटेवरच्या कामासाठी जियाकोनींना २००२ मध्ये नोबेल मिळेल.

आठ वर्षं पुढे या. १२ डिसेंबर १९७० ला केनियाच्या किनाऱ्यालगतच्या तळावरून उहुरू उपग्रह सुटतो. आता सहा मिनिटांची घाई नाही. नरतुरंग तारकासमूहातला एक स्रोत ४.८ सेकंदांनी लुकलुकतो आणि दर २.१ दिवसांनी दिसेनासा होतो. सोबती आड येतो म्हणून. ग्रहणच ते, पण इथे चंद्राच्या जागी एक अख्खा तारा. जोडताऱ्यातला न्यूट्रॉन तारा सोबत्याचा वायू गिळून क्ष-किरण देतो, ही गोष्ट ग्रहणानेच पक्की केली. उहुरूच्या चौथ्या यादीत मूळ नक्षत्राजवळच्या तुमच्या ताऱ्यालाही क्रमांक मिळतो: ४यू १७२८-३४. आकडे म्हणजे आकाशातला पत्ता.

१९७५ मध्ये डच उपग्रहाला धनू राशीतल्या एका तारकागुच्छातून क्ष-किरणांचा सेकंदांपुरता भडका दिसतो. साचलेल्या थराचे हेच ते स्फोट. त्या जोडीतले तारे एकमेकांभोवती अकरा मिनिटांत एक फेरी घालतात, आणि न्यूट्रॉन ताऱ्याला खायला मिळतो तो हेलियमच. १८६८ साली सूर्याच्या कडेवर सापडलेली पिवळी रेष आणि हा भडका एकाच द्रव्याचे आहेत. आपल्या ताऱ्याचे आखूड स्फोटही त्याच जातीचे. ते काही तासांच्या अंतराने होत राहतात, म्हणजे तुम्ही ज्या उजेडाबरोबर चालला आहात त्याच्या पुढे आणि मागे असे असंख्य भडके ओळीने चालले आहेत. १८९८ च्या त्या दुपारच्या आगेमागेही काही विजयदुर्गावरच्या हवेत जिरले असतील. लोलक लावलेल्या कुठल्याच कॅमेऱ्यावर ते उमटणं शक्य नव्हतं.

३३ प्रकाशवर्षं बाकी

१९८२. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी डॉन बॅकर यांच्याबरोबर प्वेर्तो रिकोतल्या आरेसीबोच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीवर आहेत. त्यांना एक पल्सार, म्हणजे फिरताना नियमित ठोके देणारा न्यूट्रॉन तारा, सापडतो. तो सेकंदाला ६४२ वेळा फिरतो, म्हणजे १.५६ मिलिसेकंदांत एक फेरी. त्या काळी माहीत असलेला कुठलाही न्यूट्रॉन तारा याच्या जवळपास येत नव्हता. म्हाताऱ्या ताऱ्याला इतका वेग कुणी दिला?

त्याच वर्षी उत्तर पुढे येतं. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत राधाकृष्णन आणि श्रीनिवासन, आणि स्वतंत्रपणे अल्पर व त्यांचे सहकारी, म्हणतात: सोबत्याने. तबकडीतून आत येणारा वायू आपल्यासोबत फिरणंही घेऊन येतो, आणि लाखो-कोट्यवधी वर्षांत तारा त्या फिरण्याने वेग पकडतो. तुम्ही सोळा हजार वर्षांपूर्वी बघितलेलं ३६३ वेळा फिरणं याच पडत्या वायूची कमाई आहे.

पुरावा यायला थोडा वेळ लागतो. १९९६ मध्ये अमेरिकेच्या आरएक्सटीई उपग्रहाला आपल्या ताऱ्याच्या स्फोटात ३६३ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ३६३ ठोक्यांचा, थरथराट सापडतो. १९९८ मध्ये दुसऱ्या एका जोडताऱ्यात, नुसत्या तेवत्या क्ष-किरणांत, ४०१ हर्ट्झचा नियमित ठोका मिळतो. जोडताऱ्यात वेग घेणारा न्यूट्रॉन तारा आता प्रत्यक्ष हाती लागलाय. आरएक्सटीई जानेवारी २०१२ मध्ये बंद पडतो, आणि इतक्या जलद बदलांवर नजर ठेवणारं मोठं क्ष-किरण उपकरण आकाशात उरत नाही.

अर्ध्या प्रकाशवर्षाच्याही आत

रत्नागिरीहून मुंबईला जायला चाकरमान्यांची गाडी पकडा आणि कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला लागून असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या. इथल्या माणसांचा क्ष-किरणांशी संबंध जुना आहे. हैदराबादच्या फुगा केंद्रातून प्रचंड फुग्यांना उपकरणं टांगून ती हवेच्या वरच्या थरांपर्यंत धाडण्याचं काम इथल्या गटाने अनेक दशकं केलं. १९९६ च्या आयआरएस-पी३ उपग्रहावर त्यांची क्ष-किरण उपकरणं गेली. आता प्रल्हाद चंद्र अग्रवाल यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहासाठी ‘लॅक्सपीसी’ हे क्ष-किरण उपकरण तयार झालंय.

जवळ जाऊन बघा. तीन सारख्याच पेट्या, आत दोन वातावरणांच्या आसपास दाबाने भरलेला झेनॉन, थोड्या मिथेनसह. वायूतून तारा ताणलेल्या आणि त्यांवर उच्च दाबाची वीज. वरच्या जाळ्या अशा की आकाशाचा साधारण एक अंशाचाच तुकडा आत डोकावू शकतो. क्ष-किरणाचा एक कण आत आला की झेनॉनच्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवतो. ते तारेकडे धावताना आणखी इलेक्ट्रॉन उडवत जातात आणि विजेचा एक ठोका मिळतो. ठोक्याच्या उंचीवरून कणाची ऊर्जा कळते. आणि प्रत्येक कणाच्या नावापुढे दहा मायक्रोसेकंदांपर्यंत नेमकी वेळ टिपली जाते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

२८ सप्टेंबर २०१५ ला ॲस्ट्रोसॅट श्रीहरिकोट्याहून उडतो आणि ६५० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताच्या आसपास फिरू लागतो. वजन दीड टन, सोबत पाच उपकरणं. त्यातलं एक पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेच्या देखरेखीखाली. तुमचा उजेड या दिवशी सूर्याच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्यापेक्षाही जवळ आलाय. सोळा हजार वर्षांच्या वाटेवर त्याला साडेपाच महिन्यांचाही पल्ला उरलेला नाही. थोडा उशीर झाला असता, तर तो नोंदवायला कुणी नसतं.

पोहोचला

८ मार्च २०१६. काल महाशिवरात्र झाली. कुणकेश्वरच्या जत्रेहून परतणाऱ्या गाड्या रस्त्याला आहेत. उद्या इंडोनेशियात खग्रास सूर्यग्रहण आहे आणि ग्रहणवेडे विमानं पकडून तिकडे गेलेत. लॅक्सपीसी मूळ नक्षत्राच्या शेजारच्या त्या एक अंशाच्या तुकड्याकडे तोंड करून बसलंय. मोजणी जवळपास सपाट चाललीय. मग एकदम उभी चढते, आणि वीसेक सेकंदांत खाली येते.

जे कण त्या तीन पेट्यांत शिरले तेवढेच मोजले गेले. पृथ्वीच्या वाट्याचे बाकीचे वातावरणात जिरले. रत्नागिरीत कुणी मान वर केली नाही, करूनही काही दिसलं नसतं.

पुढच्या वर्षी जय वर्धन चौहान आणि सहकाऱ्यांनी त्या दिवसाच्या एका फेरीतली तीन हजारांहून थोड्या जास्त सेकंदांची नोंद उलगडून दाखवली. स्फोटाच्या आधी तबकडीच्या आतल्या भागातून येणारा थरथराट ८१५ हर्ट्झवर होता आणि सरकत सरकत ८५० वर आला. हा थरथराट म्हणजे ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायूच्या फेऱ्या असं धरलं, आणि ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या १.४ पट मानलं, तर केप्लरचा जुना नियम सांगतो की तो वायू केंद्रापासून १९ किलोमीटरांच्या आसपास आहे. तारा त्याच्या आत मावलाच पाहिजे. वायू कुठवर जाऊ शकतो यावरून ताऱ्याच्या आकाराला कुंपण घालता येतं. आकार कळला, तर अणुकेंद्रकांपेक्षाही घट्ट दाबलेलं द्रव्य कसं वागतं हेही हळूहळू कळू लागतं. पृथ्वीवरच्या कुठल्याही प्रयोगशाळेत ते बनवता येत नाही.

मग स्फोट. पहिल्या चार सेकंदांत ठोका ३६१.५ हर्ट्झवरून ३६३.५ वर गेला. ज्योत पेटते तेव्हा थर फुगून वर उचलला जातो आणि ताऱ्यापेक्षा किंचित मागे पडतो. निवताना पुन्हा खाली बसतो आणि ताऱ्याची चाल धरतो. थर उचलला जाण्याचं अंतर वीस-तीस मीटरांचं, आणि ते वाचता येतं सोळा हजार प्रकाशवर्षांवरून. या ज्योतीचं पसरणं हाच टाटा संस्थेतल्या सुदीप भट्टाचार्य यांच्या अभ्यासाचा एक विषय आहे. स्फोट नेमका कुठून सुरू होतो, इतक्या जोराने फिरणाऱ्या गोळ्यावर ज्योत कुठल्या दिशेने धावते, हे प्रश्न त्यांनी टॉड स्ट्रोमेयर यांच्यासोबत चढत्या कडेच्या एका सेकंदाहूनही कमी वेळात शोधले आहेत.

ढिलाईचा हिशेब

आता सुरुवातीच्या ढिलाईचा हिशेब. ताऱ्याचं अंतर १५ ते १७ हजार प्रकाशवर्षांच्या दरम्यान आहे असा अंदाज आहे. त्यामुळे तुम्ही ज्या रात्री उभे होतात ती रात्र कुठल्या सहस्रकातली हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण त्या रात्रीच्या पहिल्या सेकंदात काय झालं, दुसऱ्यात काय झालं, हे मायक्रोसेकंदांच्या बारकाईने सांगता येतं. दहा मायक्रोसेकंदांत प्रकाश तीन किलोमीटर जातो. एवढ्या लांबच्या वाटेवरून आलेल्या उजेडाचे तीन-तीन किलोमीटरचे तुकडे एकमेकांत मिसळलेले नाहीत. ताऱ्यांमधल्या पोकळीतले विखुरलेले इलेक्ट्रॉन रेडिओ लहरींना लांबीनुसार कमी-जास्त उशीर करतात. नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीवर पल्सार बघणाऱ्यांना तो उशीर आधी काढून टाकावा लागतो. क्ष-किरणांना मात्र तो जाणवण्याइतका होत नाही. घटनेचा काळ धूसर राहतो, पण घटनेच्या आतला काळ तसाच्या तसा पोहोचतो.

रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या माणसांना ही गोष्ट सांगून पटवावी लागू नये. उक्षी, बारसू, कशेळीच्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती कधी कोरली याच्या अंदाजांत हजारो वर्षांचा फरक आहे. तरी कशेळीच्या हत्तीची रेघ किती रुंद, किती खोल, कुठे सुरू झाली आणि कुठे वळली, हे आज कुणीही मोजू शकतं. साल ठाऊक नाही म्हणून हाताची सफाई अंधूक होत नाही. इतिहास म्हटलं की आपण आधी तारीख विचारतो. निसर्ग पुष्कळदा तारीख लपवतो आणि कृती उघडी ठेवतो. दूरच्या ताऱ्यांचं शास्त्र उभं आहे ते या उघड्या कृतीवर.

शेवटचा थांबा: आज

परतीची गाडी रत्नागिरीत सोडते. ॲस्ट्रोसॅटची निरीक्षणं ठरलेल्या मुदतीनंतर सगळ्यांना खुली होतात. बंगळुरूजवळच्या ब्यालालू इथल्या इस्रोच्या केंद्रात ती साठवलेली आहेत, नाव नोंदवून उतरवून घेता येतात. त्यांवर चालवायची सॉफ्टवेअरंही मोफत आहेत. भौतिकशास्त्राची पदवी करणाऱ्या मुलीला लागेल ते एक लॅपटॉप, बऱ्यापैकी इंटरनेट आणि पुष्कळ चिकाटी.

तुम्ही त्या मुलीच्या शेजारी बसा. तिने एखाद्या स्फोट करणाऱ्या जोडताऱ्याची फाइल उघडलीय. फाइलमध्ये चित्र नाही, नुसत्या ओळी: या क्षणी एक कण आला, एवढ्या ऊर्जेचा. लाखो ओळी. ती आधी शंभर-शंभर सेकंदांचे खण करून कण मोजते. आलेख सपाट येतो आणि तिचा चेहरा पडतो. शंभर सेकंदांच्या खणात वीस सेकंदांचा भडका बाकीच्या मोजणीत मिसळून बुटका होतो. तिला सांगा, खण एक सेकंदाचा कर. आता काटा उभा राहतो, चढण उभी आणि उतरण लांबट. साचलेलं हेलियम पेटलं आणि विझलं. मग फक्त त्या काट्याची पहिली काही सेकंदं कापून घ्यायला सांगा, आणि खण मिलिसेकंदाहूनही लहान. नुसत्या डोळ्यांना या आलेखात खरखरीपलीकडे काही दिसणार नाही. त्यातल्या वारंवारता वेगळ्या काढणारं गणित चालवलं की, नशीब असेल तर, एका जागी टोक वर येतं. ते ताऱ्याचं फिरणं.

फाइल तीच होती, कणही तेच. ती जसजशी वेळ बारीक कापत गेली, तसतसं तिला आधी जोडीचं तेवणं दिसलं, मग थराचं जळणं, मग ताऱ्याची गती. आता ती शेजारच्या फेरीची फाइल उघडतेय, कारण स्फोट काही तासांनी पुन्हा होतो हे तिला ठाऊक आहे.